अंगणातले रोहित

काल सकाळी कमळी मीठ घालायला आली. डोक्यावरची पाटी ओट्यावर टेकवली आणि पदरानं तोंड पुसता पुसता म्हणाली, "आज्जा, तुमची ती लंब्या टांगांची पाखरां आलीत बगा. खारेगावच्या चिखलान उभी हायत. परवापासून."

मी म्हटलं, "असतील."

"असतील काय! लाल लाल हायत. आमचा म्हातारा असता तर धावत सांगाया आला असता तुमाला."

तिचा म्हातारा म्हणजे तिचा आजेसासरा, गोमा. मिठागरावर त्यानं आणि मी एकाच बांधावर उन्हं काढली; त्यानं फावडं घेऊन, मी छत्री घेऊन. तो खरंच धावत आला असता. मी आत गेलो आणि उगाच तांब्याभर पाणी प्यायलो. तहान नव्हती. सूनबाईनं चुलीपासून मान वळवून पाहिलं, पण विचारलं काही नाही. म्हाताऱ्याला काही विचारलं की तो वसकन अंगावर येतो, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ती पाखरं म्हणजे रोहित. आमच्या खाडीवर ते दरवर्षी येत नाहीत. वर्षानुवर्षं दिसणार नाहीत, आणि मग एखाद्या चैत्रात पाच-सात जण गुडघाभर पाण्यात असे उभे असतील की जणू कालपण इथंच होते. माणसाच्या छातीइतकी उंची, काठीसारखे पाय, आणि चोच मधेच मोडल्यासारखी वाकडी. उभे असले की पांढुरके दिसतात. पंख उघडले की मात्र आतलं तांबडं असं लख्ख दिसतं की बघणाऱ्यानं हातातलं काम टाकून द्यावं. गेल्या अठ्ठावीस वर्षांत ते तीन-चारदा तरी आले. दर वेळी मला कोणी ना कोणी सांगितलं, आणि दर वेळी मी "असतील" म्हटलं. बघायला एकदाही गेलो नाही.

लोकांचा चैत्र म्हणजे पालवी, कोकिळा आणि कैरीचं पन्हं. असेना बापडा. माझा जन्म खाडीकाठी गेला आणि खाडीवर चैत्र हा निरोपाचा महिना. थंडीभर चिखल पाखरांनी जिवंत असतो. तुतवारांचे थवेच्या थवे, कुरवांचा कलकलाट, चमच्यांची ती पाणी ढवळत चाललेली रांग. होळी झाली की त्यांच्यात चुळबुळ सुरू होते. तुतवारांची राखी छाती तांबूस व्हायला लागते, नव्या कपड्यांत कुठं लग्नाला निघाल्यासारखी. अधाशासारखे खातात, चांगले गुबगुबीत होतात. मग एका सकाळी बांधावर जावं तर अर्धा चिखल रिकामा. कुठं जातात देव जाणे. गोमा म्हणायचा, "त्यांच्या बायलीच्या गावाला जातात." त्याच्या तोंडाला फाटकच नव्हतं.

मी मिठाच्या नाक्यावर कारकून होतो. सकाळी ठाण्याहून निघायचं, कळव्याला तरीनं खाडी ओलांडायची आणि बांधाबांधानं खारेगावपर्यंत चालायचं. कचेरीतल्या एका साहेबाला पाखरांचा नाद होता. तो कधी दुर्बीण घेऊन यायचा, कधी बंदूक. मला म्हणाला, तू रोज इथं असतोस, कुठलं पाखरू कधी आलं, किती आली, कधी गेली, एवढं लिहीत जा. वही दिली, शिसपेन्सिल दिली. साहेबानं सांगितलं म्हणून मी लिहायला लागलो आणि महिन्याभरात मलाच खूळ लागलं. पुढं साहेबाची बदली झाली. वही मागायला कोणी आलं नाही. ती अजून माझ्या पेटीत आहे आणि तिच्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण एका चैत्रात घरी मी जे सांगत होतो ते खरं नव्हतं.

माझ्या पहिल्या बायकोचं नाव सगुणा. हे नाव तिच्या हयातीत मी एकदाही तोंडानं घेतलं नाही. आत्ता लिहितानासुद्धा हात अडखळला. माहेर तिचं डोंबिवलीचं, अगदी खाडीकाठचं. रंग सावळा, हसणं आतल्या आत. तेव्हाची रीत अशी की वडीलधाऱ्यांच्या देखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. दिवसाउजेडी तर नाहीच नाही. घर अडीच खोल्यांचं, आणि आमच्या आईचे कान असे तिखट की शेजारी भाकरी करपली तर शेजारणीच्या आधी हिला कळायचं. मग आम्ही बोलायचो कसे? पाखरांवरून बोलायचो.

संध्याकाळी मी पायरीपाशी पाय धुवायला उभा राहिलो की आई ओटीवरून विचारायची, "काय रे, आज काय पाहिलंस?" मी सांगायचो आईला, पण आवाज थोडा चढवून, माजघरापर्यंत पोचेल असा. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं माझं आईला बोले आणि बायकोला लागे. मी तोंड उघडलं की आतला भांड्यांचा आवाज थांबायचा. मग बांगड्या थांबायच्या.

"आई, आज शेकाटे होते. काळे पंख, तांबड्या लांब टांगा. असे तोऱ्यात चालत होते की मामलेदारच."

"मेले पाय की काटक्या!" आई म्हणायची. आणि आत कोणीतरी हसू दाबायचं.

त्या दाबलेल्या हसण्यासाठी मी दिवसभर चिखलाकडं डोळे लावून हिंडायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही. नाक्यावरचे लोक म्हणायचे, साहेबाला खूश करतोय. करू देत त्यांना काय म्हणायचं ते.

तिचं उत्तर मिळायचं सकाळी, आणि तेही फक्त चैत्रात. गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत ती रोज सकाळी सारवलेल्या अंगणात चैत्रांगण काढायची. झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, गोपद्मं, कासव, सूर्य-चंद्र, सगळं जिथल्या तिथं. आणि तुळशीच्या बाजूच्या मोकळ्या कोपऱ्यात एक पाखरू. आदल्या संध्याकाळी मी सांगितलेलं. मी कामावर निघताना जोडा घालायच्या निमित्तानं जरा जास्तच वाकायचो आणि बघून घ्यायचो. आमचं खरं बोलणं हे एवढंच. दुपारपर्यंत पायांनी आणि वाऱ्यानं ते पुसून जायचं.

एकदा मी सांगताना म्हटलं होतं, कुदळ्याची चोच सरळ असते. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या कुदळ्याची चोच चांगली विळ्यासारखी वाकडी. मला राग आला. बांधावर जाऊन नीट पाहिलं तर तिचंच बरोबर. माहेरच्या दारात बसून तिनं ती पाखरं माझ्याआधी कितीतरी वर्षं पाहिली होती. संध्याकाळी मी आईला म्हटलं, "काल मी सांगितलं ते चुकलं हो. चोच वाकडी असते." आई म्हणाली, "असू दे, मला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?" आतून मात्र बांगड्या अशा वाजल्या की माझी चूक मला गोड लागली.

पण रोहित तिनं कधी पाहिले नव्हते. डोंबिवलीपर्यंत ते येत नसत. लहानपणी होडीवरच्या कोणा तांडेलाकडून ऐकलं होतं तेवढंच.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती त्या चैत्राची ही गोष्ट. तिला दिवस होते, पहिलेच. गौर बसली त्याच आठवड्यात गोमानं मला बांधावरून हाक मारली, "कारकूनदादा, ह्या पोथीत लिवा तुमच्या!" बघतो तर सात रोहित. मी त्या दिवशी किती वेळ उभा होतो मला ठाऊक नाही. घरी पायरीपाशी सांगताना आवाज मुद्दाम चढवावा लागला नाही. "आई, सात होते. सात! पंख उघडले ना, की आत नुसतं कुंकू."

दुसऱ्या दिवशी अंगणात सात रोहित. तिनं कधी न पाहिलेले, केवळ माझ्या बोलण्यावरून काढलेले, आणि अगदी तसेच. मी जोडा घालत इतका वेळ वाकलो की आई म्हणाली, "कंबर धरली की काय रे तुझी?"

त्याच दिवशी संध्याकाळी विहिरीवर मी हातपाय धूत होतो. आई देवळात गेली होती. पंचा पुढं झाला, आणि त्याबरोबर आवाज आला. इतका हळू, की रहाट चालू असता तर ऐकू आलाच नसता.

"एकदा मला दाखवाल?"

दिवसाउजेडी तिनं माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य. चार वर्षांत एकच. मी म्हटलं, "नेईन."

नेईन! काय अवघड होतं त्यात? होडीनं खाडी ओलांडायची आणि पलीकडं थोडं चालायचं, एवढंच. पण ठाण्याच्या बाजारातून बायकोला घेऊन भर दिवसा पाखरं बघायला निघायचं म्हणजे सगळा गाव हसला असता. बायकोचा बैल म्हणाले असते. आईला काय सांगायचं, हे ठरवण्यात मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ठरवलं, की उद्या ठरवू. रोज सकाळी अंगणात सात रोहित असायचे, आणि रोज मी त्यांना वळसा घालून निघून जायचो.

आठ दिवसांनी सकाळी बांधावर पोचलो तर चिखल मोकळा. गोमा मिठाचे ढीग ओढत होता. वर न बघताच म्हणाला, "काय बगताव? गेली ती. भरतीसंगट उठली नि गेली." वहीत मी लिहिलं: आज रोहित नाहीत. तेवढंच लिहून पेन्सिल खिशात घातली, आणि दिवसभर घरी कसं सांगायचं याचाच घोर. सरळ सांगणार होतो. देवाशपथ, सांगणारच होतो.

घरी आलो तर ओटीवर आईचा पट्टा सुरू. त्या सकाळी सगुणेनं रोहितांच्या पंखांत करंड्यातलं कुंकू भरलं होतं. मी म्हटलं होतं ना, आत नुसतं कुंकू. आईनं ते दुपारी पाहिलं, तेव्हा शेजारची कोणी त्यावरून चालत गेली होती. "सवाष्णीचं कुंकू पायदळी! अगं, अक्कल आहे का गहाण टाकलीस? आणि अशा दिवसांत! काय वाईट ओढवून घ्यायचंय घरावर?" माजघरातून भांड्यांचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही. मधेच एक हुंदका. गिळलेला.

आई बोलून बोलून थकली आणि सवयीनं विचारून गेली, "तुझं काय रे? काय पाहिलंस आज?"

आणि मी म्हणालो, "आज आठ होते."

आई थांबली. मी थांबलो नाही. "एक लहानगं आलंय त्यांच्यात. लहानपणी ते तांबडे नसतात आई, राखी असतात. ते सारखं मोठ्यांच्या पायांत पायांत करतं." लहान रोहित राखी असतो हे गोमानं मला सांगितलं होतं. ते खरं होतं. बाकी सगळं मी तिथल्या तिथं, पायावर पाणी ओतता ओतता रचलं. आतून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग, अगदी थोडंसं, ते दाबलेलं हसू.

दुसऱ्या दिवशी अंगणात आठ. सात गेरूचे, आणि आठवा चुलीतल्या राखेचा. तो सगळ्यांत सुंदर होता.

एकदा सुरू केल्यावर ते थांबवायचं कसं, मला कळेना. रोज वहीत लिहायचो: रोहित नाहीत. रोज पायरीपाशी सांगायचो: आज लहानगं एका पायावर उभं राहायला शिकलं. आज ते उडायला गेलं नि पडलं. आज त्यानं पहिल्यांदा स्वतः चिखल चाळला. तिचं पोट वाढत होतं. अंगणातलं ते राखेचं पिल्लू रोज थोडं थोडं मोठं होत होतं. दोघंही कोणाबद्दल बोलत होतो, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी खोटं बोलत होतो, आणि खरं सांगू? आमच्या संसारातले तेवढेच दिवस मी खऱ्या सुखात होतो. त्याची लाज वाटते, पण सुख होतं हे नाकारू कसं?

पहिलं बाळंतपण माहेरी. आठव्यात बाईला हलवू नये म्हणून सातव्यातच, अक्षय्य तृतीया झाली की पाठवायचं ठरलं. तिचा भाऊ बाबू मुराळी म्हणून येणार होता. आईनं विचारलं, गाडीनं कल्याणला जाऊन तिथून बैलगाडी करायची का? तेव्हा डोंबिवलीला आगगाडी थांबत नव्हती. तर सगुणा, जी कधी आपणहून बोलायची नाही, ती आईला म्हणाली, "पडावानं जाते. बैलगाडीचे धक्के नकोत." आईला पटलं. मला मात्र ते नको होतं. पडाव ठाण्याच्या बंदरातून सुटतो आणि खारेगावच्या चिखलावरूनच वर जातो.

अक्षय्य तृतीयेला तिनं शेवटचं चैत्रांगण काढलं. कोपऱ्यात आठ रोहित आणि त्यांच्यासमोर एक छोटी होडी.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "काय रे, काय पाहिलंस?" आत सगळं थांबलं. ही शेवटची संधी होती आणि ते मला कळत होतं. नुसतं 'गेले' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी म्हणालो, "आहेत. आठही आहेत."

दुसऱ्या दिवशी मी बंदरावर पोचवायला गेलो नाही. नाक्यावर काम आहे म्हणून सांगितलं. भित्रा माणूस! पण बांधावर जाऊन मात्र उभा राहिलो. भरती नुकती लागली होती, चिखल अजून उघडा होता. त्यावर चार खेकडे आणि एक ढोकरी बगळा. पडाव आला तेव्हा बाबू पुढं होता, तांडेल मागं, आणि मधे ती. पदर डोक्यावरून घेतलेला, तोंड चिखलाकडं. पडाव अगदी हळू चालला होता. तिनं चिखल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग पुन्हा पाहिला, तिवरांच्या मागंसुद्धा. मग माझ्याकडं पाहिलं.

चार माणसांत, दिवसाउजेडी, सरळ माझ्या तोंडाकडं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या एका हातात छत्री होती आणि दुसरा हात नुसता लोंबत होता. ओरडून सांगता आलं असतं की उडून गेले गं, मीच खोटं बोललो. अंतर काही फार नव्हतं. पण बाबू होता, तांडेल होता, गोमा होता, आणि बायकोला हाक कशी मारायची हेच मला माहीत नव्हतं. मी मान खाली घातली. वर केली तेव्हा पडाव तिवरांच्या आड गेला होता.

पुढचे दोन महिने मी एक वाक्य घोकत होतो. बारशाला जाईन तेव्हा सांगेन. पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता; तिला वाचता येत नव्हतं, बाबूनंच ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. वाक्य साधं होतं: मी खोटं बोललो, कारण तू रडत होतीस. चालताना, जेवताना, ओठांत तेच. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

आषाढात बाबू आला. ओटीवर बसला, पाणी घेईना. आईनं त्याचं तोंड पाहिलं आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मुलगा झाला होता. दीड दिवस होता. आधी तो गेला, मग ती.

पुढच्या वर्षी माझं दुसरं लग्न झालं. पुरुषाचं होतंच. जानकी गुणाची होती. तिनं आईचं केलं, माझा विनायक वाढवला, आणि तीन वर्षांपूर्वी काही त्रास न देता गेली. तीही दर चैत्रात अंगणात काढायची, पण मी तिला कधी पाखरं सांगितली नाहीत. पायरीपाशी गप्प उभा राहून पाय धुतले. एकदा तिनं भीत भीत विचारलं, "माझं काही चुकतं का हो?" मी म्हटलं, "तुझं काय चुकणार?" आणि आत निघून गेलो. तिच्यावरही मी अन्यायच केला, आणि तो तर निव्वळ गप्प राहून केला.

आई शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाली, "मला काय कळत नव्हतं होय रे? मला मेलीला कसलं पाखरांचं कौतुक! तुम्हाला बोलायला मिळावं म्हणून रोज विचारायची मी." मग कुशीवर वळून माझ्याकडं तोंड केलं. "कुंकवावरून बोलायला नको होतं. फार लागलं असेल का तिला?" मी म्हटलं, "नाही आई. लगेच हसली होती." ते तरी खरं होतं.

काल कमळी गेल्यावर मी दिवसभर धुमसत होतो. संध्याकाळी विनायक शाळेतून शिकवून आला, पाय धुवायला पायरीपाशी उभा राहिला. सूनबाई आत होती. ती तिथूनच, मोठ्यानं पण माझ्याकडं बघत म्हणाली, "मामंजी, ते पक्षी आलेत म्हणे खारेगावला. कसे असतात हो?" विचारलं मला, पण बांगड्यांची दिशा पायरीकडं होती.

मी विनायकला म्हटलं, "उद्या हिला घेऊन जा."

"उद्या? उद्या शाळा आहे बाबा. रविवारी बघू. आणि लोक काय..."

"लोक गेले खड्ड्यात!" मी एवढ्यानं ओरडलो की समोरच्या ओटीवरचे दोघं उठून उभे राहिले. "रविवारी पाखरं तुझी वाट बघत थांबणार आहेत का? उद्या जा. सकाळी जा. हातात हात धरून जा!" विनायक कानापर्यंत लाल झाला. सूनबाई आत पळाली.

आज सकाळी दोघं गेले. ती दोन पावलं मागं, हा दोन पावलं पुढं, पण गेले. मी वही काढून बसलो आहे. रोहित नाहीत, रोहित नाहीत, रोहित नाहीत; पेन्सिल पुसट झाली आहे, तरी वाचता येतं. आणि जे अठ्ठावीस वर्षांत कोणालाच सांगितलं नाही, तेवढं सांगून टाकतो.

सगुणा गेली त्या वर्षी कार्तिकात मी डोंबिवलीला गेलो होतो, तिची पेटी आणायला. सासूबाई जावयासमोर येत नसत, दाराआडून बोलत. मग दाराआडून आवाज आला, "आली तेव्हा फार आनंदात होती हो पोर. पडावातून उतरली ती पाखरांचंच सांगत. त्या पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर काढून ठेवलीत तिनं. मी अजून सारवली नाही ती भिंत. बघून या हवं तर."

मी गेलो. बाळंतिणीची खोली, अंधारी, बाजेच्या खुणा जमिनीवर तशाच. भिंतीवर सात रोहित गेरूनं काढलेले, आणि त्यांच्या पायांत एक लहान, राखेचा. बाजूला पाणी, पाण्यात पडाव, पडावात पदर घेतलेली बाई. आणि पलीकडं बांधावर एक माणूस उभा. त्याच्या एका हातात छत्री आणि दुसरा हात लांब केलेला, बोट रोहितांकडं. तो तिला पाखरं दाखवत होता.

किती वेळानं बाहेर आलो कोण जाणे. सासूबाई दाराआड तशाच उभ्या होत्या.

"बाबू म्हणतो, मला नाही दिसलं काहीच, चिखल रिकामा होता," त्या म्हणाल्या. "त्याला ती म्हणाली, तू आंधळा आहेस. तो पडावात बसला की पेंगतो, त्याला काय दिसणार! पण तेव्हापासून माझ्या मनात आपलं येतं. पोरीनं एवढी हौस केली ती खोटीच की काय... जावईबापू, तुम्ही तर तिथंच होता. होते ना हो?"

"होते," मी म्हटलं. "आठ होते."